मोठ्याने चूक गो

कानामागे हात धरून बाई म्हणायच्या, "ऐकू नाही आलं. मोठ्याने चूक गो."

तुम्हीही पाहिलं असेल, इंग्रजी बोलताना अडलं की आपली माणसं आवाज खाली आणतात, जणू चोरी केली. हसणाऱ्यांचं फावतं ते तिथेच.

बाईंचा इंग्रजीचा वर्ग मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे, जाळी ठेवायच्या खोलीत भरायचा. पूर्वी त्या कुवेतच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथे लोक हसले म्हणून त्यांनी कित्येक महिने तोंड मिटून काढले. म्हणून वर्गात चूक पुटपुटायला बंदी होती. कुणी "आय डिडन्ट वेंट" म्हणालं की उभं राहून तेच खणखणीत म्हणायचं, मग सुधारून म्हणायचं. सुधारलेलं वाक्य सगळ्या वर्गाने मागून म्हणायचं.

मी तिथे गेले ती इंग्रजीच्या गुलामीविरुद्धचं माझं पत्रक वाटायला. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"झकास लिहिलंयस. आता हेच साहेबाला त्याच्या तोंडावर इंग्रजीत सांगता येईल तुला?"

मी बसले ती बसलेच.

माझ्या शेजारी दर्शना बसायची. तिची आई जेटीवर मासळी विकते. जयगडच्या बंदरात ऑफिसातल्या नोकरीसाठी दर्शनाला मुलाखतीला बोलावलं होतं. ती मिळाली नाही तर मुंबईला मामाकडे पाठवून लग्न लावायचं, असं घरात ठरलेलं.

मुलाखतीत ती सुरुवातीलाच चुकली. समोरचे साहेब गालात हसले. दर्शना सवयीने खुर्चीवरून उठली. चुकलेलं वाक्य तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं, मग सुधारून म्हटलं, आणि साहेबांकडे बघत थांबली. आता यांनी मागून म्हणायचं ना!

साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मग टोकाला बसलेल्या साहेबांनी खरंच मागून म्हटलं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

नोकरी लागली. पेढे घेऊन ती वर्गावर आली तेव्हा बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब नीट म्हणाला ना गो?"

गेल्या वर्षी बाई वारल्या. आता सुट्टीच्या दिवशी दर्शना वर्ग घेते. परवा मी खोलीच्या दाराशी उभी होते. एक नवी मुलगी मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. दर्शनाने फक्त कानामागे हात नेला.

त्या मुलीची चूक जेटीपर्यंत ऐकू गेली.