वृंदाचं नाव आणि कुंपणाची भिंत

उल्हासनगरच्या निर्वासित छावणीत, लष्करानं सोडलेल्या बराकीत एक कॉलेज भरायचं. त्याला विद्यार्थी मंडळ होतं, आणि मंडळाला घटनाही होती, मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातून जशीच्या तशी उतरवून आणलेली. तिच्यात नौकाविहाराचा चिटणीससुद्धा होता. इथे पिंपात प्यायला पाणी मिळालं तरी नशीब.

चौपन्न साली नवी घटना लिहायला तिघांची समिती नेमली, त्यात अंबरनाथची वृंदा होती. दोन वर्षं ती विद्यार्थिनी प्रतिनिधी होती, म्हणजे प्राचार्यांनी नेमलेली. नेमलेल्या प्रतिनिधीला मंडळात बसता येई, मत देता येत नसे. मुलींसाठी वेगळी खोली हवी हा ठराव तिच्या डोळ्यांदेखत एका मतानं पडला, आणि नंतर सगळ्यांना चहा तिनंच दिला. त्या चहाची तिला अजून चीड येई. म्हणून समितीत बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं, की प्रतिनिधी मुलींनीच निवडायची आणि तिला मत हवं. समितीतले दुसरे दोघे, हेमचंद्र आणि परसराम, लगेच कबूल झाले. कंबर कसून आलेल्या वृंदाचा थोडा विरसच झाला.

खरी अडचण घरात होती. वडील श्यामकांत कारखान्यात अधिकारी. बावन्नच्या निवडणुकीत कुणीतरी त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर गेरूनं उमेदवाराचं नाव रंगवलं होतं, ते त्यांनी स्वतः घासून काढलं होतं. मुलीची नेमणूक त्यांना चालत होती. निवडणुकीचं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझ्या मुलीचं नाव भिंतीवर दिसलं, तर कॉलेज बंद."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. वृंदानं मग स्वतःच एक कलम लिहिलं: कोणत्याही उमेदवारानं भिंतीवर लिहून प्रचार करू नये. हेमचंद्रानं ते वाचून टाक खाली ठेवला.

"यात तुझंच नुकसान आहे. यंदा नव्या मुली पुष्कळ आल्यात, सगळ्या छावणीतल्या. त्यांच्या घरी जाऊन मतं मागावी लागतील, आणि तू तर दिवेलागणीच्या आत घरी. तुला ओळखणार कोण?"

वृंदा म्हणाली, "नाव भिंतीवर गेलं, तर मीच इथे उरणार नाही."

कलम राहिलं. निवडणूक झाली आणि तिच्याच बाकावर बसणारी, छावणीतली ईश्वरी निवडून आली. पहिल्याच बैठकीत तिनं खोलीचा ठराव पुन्हा मांडला आणि तो तिच्या एका मतानं पास झाला. वृंदाला मनापासून आनंद झाला, आणि आत कुठेतरी तुटलंही. ते मत तिनं मिळवलं होतं आणि दिलं दुसरीनं.

घरी श्यामकांतांना मात्र हा पराभव झेपेना. आपली मुलगी हरली म्हणजे काय?

"हरलीस कशी?"

"नव्या मुलींना माझं नावच ठाऊक नव्हतं, बाबा."

रविवारी सकाळी ते बराच वेळ कुंपणापाशी उभे होते. वृंदा चहा घेऊन गेली, तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाले, "पुढच्या वर्षी आपली ही भिंत घे. गेरू मी आणून देतो."

अंबरनाथच्या त्या गल्लीतून कॉलेजातली एकही मुलगी कधी जात नसे. शिवाय कलम होतंच. वृंदानं यातलं काही सांगितलं नाही.

"मोठ्या अक्षरांत लिहू, बाबा," ती म्हणाली.