मुकी टिटवी

नव्वदच्या दशकात सुरतेच्या कापड कारखान्यात लूम चालवता चालवता मी पक्षीतज्ज्ञ झालो. त्यासाठी शनिवारच्या बाजारातलं एक जुनं सचित्र पुस्तक पुरलं. ते गुजरातीत होतं आणि मला गुजराती वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझे आणि लेखकाचे कधी मतभेद झाले नाहीत. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, हजीऱ्याच्या रस्त्याला इच्छापोर गावापलीकडचं तळं गाठायचं आणि दिसेल त्या पाखराला चित्र बघून नाव देऊन मोकळं व्हायचं.

लग्नानंतर चार वर्षांनी बायको खानदेशातून सुरतेत, डिंडोलीला माझ्या खोलीवर राहायला आली. दोन महिन्यांत तिचा चेहरा उतरला. मी सारखा खेकसतो, असंच चाललं तर माहेरी जाईन, म्हणाली. मला तर मी साधंच बोलतोय असं वाटायचं. कारखान्यात शंभर लूम एकदम खडखडायचे, तिथे आम्ही हातवारे करून आणि ओठ वाचून बोलायचो. लांबून दिलेली अख्खी शिवी मी ओठांवरून ओळखायचो, आणि या विद्येचा मला भारी गर्व होता.

तिचा रुसवा जावा म्हणून एका सुट्टीला तिला तळ्यावर नेलं. काठावर एक पक्षी उभा होता. पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल चामडी, सगळं टिटवीचं. पण गावाकडची टिटवी माणूस दिसला की आकाश डोक्यावर घेते. ही गप्प.

"ही टिटवी नाही. इकडची वेगळी जात आहे, मुकी," मी जाहीर केलं आणि चित्राखाली पेन्सिलीने तसं लिहूनही टाकलं.

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "मुकी? कवयनी बोंबली ऱ्हायनी ती! मना कान किटी ग्यात."

मला ती थट्टा वाटली. ती उठून माझ्या पाठीमागे गेली. बराच वेळ काही बोलली नाही, म्हणून मी वळून पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले.

"तीनदा हाक मारी तुमले," ती म्हणाली. "माले वाटे, तुम्ही संताप करतस."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. तेवढ्यात टिटवी उडाली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली.

"आता ओरडतेय का?" मी विचारलं.

तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "नही," ती म्हणाली. "गप शे."

टिटवीची चोच सारखी उघडत-मिटत होती, ते मला दिसत होतं. मी मान डोलावली आणि पेन्सिलीची ओळ तशीच राहू दिली.