जागृतीचं आंदण

मीराबाईचा आवाज मोठा आणि हट्ट त्याहून मोठा, हे वडनेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कापूस वेचायला बाया निघाल्या की ती पुढे, आणि शेतमालकाशी भांडायची वेळ आली की तीच पुढे. नवरा कवडू हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं ती भाकर थापता थापता बोलून मोकळी व्हायची.

२००१ साली त्यांच्या जागृतीचा नंबर नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात लागला. मीराबाईने ते गावभर सांगितलं, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. पण एक गोष्ट तिला खात होती. गावातून पोरगी निघते ती एक तर लग्न होऊन, वाजतगाजत. नाही तर काही भलतंच करून, तोंड लपवून. शिकायला चाललेल्या पोरीने पिशवी घेऊन गुपचूप एसटीत बसावं, हे तिच्या मनाला पटेना. जागृतीला गावाने मानाने निरोप द्यावा, एवढंच तिला हवं होतं.

मान कसा करायचा हे मात्र तिला एकाच प्रकारे माहीत होतं. हिंगणघाटच्या भांड्यांच्या दुकानात तिने पेटी आणि बादली घेतली, आणि मग परात, पाण्याचा गुंड, डबे असं एकेक काढायला लावलं. जागृतीने कपाळाला हात लावला.

"आई, होस्टेलमधी मेस आहे वं. मी परात नेऊन काय करू?"

"लग्न कवा आहे पोरीचं?" दुकानदार हिरालालने विचारलं.

"लग्न नाई! इंजिनीअर होऊन राह्यली माही पोरगी!" मीराबाई म्हणाली, ते रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं. गुंड आणि डबे परत गेले, परात काही तिने सोडली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तिने अंगणात सतरंजी अंथरली आणि सगळं सामान मांडलं. लग्नात पोरीला द्यायचं आंदण मांडवात मांडतात आणि बाया ते उलथंपालथं करून पाहतात, अगदी तसंच. कवडूने जिनिंगमधून पारखून आणलेल्या रुईची गादी, पेटी, परात, छत्री, टॉवेल आणि कागदावर रेघा मारायचा ड्राफ्टर. मग घरोघरी बोलावणं गेलं. जागृती लाजेने घरात दडून बसली.

कवडूची मोठी बहीण शकुबाई सासरहून मुद्दाम आली होती. तिने परात वाजवून पाहिली आणि नाक मुरडलं.

"हे काय नाटक वं, मीरा? आंदण आताच देऊन टाकलं, त लग्नात काय देशीन?"

दोघीतिघी बायांनी पदराआड हसून घेतलं. आपणच आपल्या पोरीचं हसं केलं की काय, असं मीराबाईला वाटून गेलं आणि ती सामान आवरायला वाकली.

तेवढ्यात जागृती बाहेर आली. तिने ड्राफ्टर उचलला, पाटाला अडकवला आणि कागदावर भराभर रेघा ओढल्या. बघता बघता खांबांवर उभा पूल तयार झाला.

"आत्या, हे पाय. असे पूल बांधाचं शिकाले चालली मी. आईनं उगाच नाई मांडलं हे."

शकुबाई वाकून पाहत राहिली. पावसाळ्यात तिच्या सासरच्या नाल्याला पूर आला की गाव दोन दोन दिवस तुटायचं.

"आमच्या नाल्यावर बी होईन असा?"

"होईन नं, आत्या. काऊन नाई होणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली आणि सगळा मोहल्ला एसटी स्टँडकडे निघाला. कवडूच्या खांद्यावर गादी, शकुबाईच्या डोक्यावर परात. वाटेत जो भेटेल त्याला शकुबाईच सांगत होती, "भाची आहे माही, पूल बांधणार आहे!" मीराबाईची छाती अशी फुगली होती की तिला धड चालवेना.

गाडी आली. जागृती सगळ्यांच्या पाया पडून चढली. पोरगी निघाली की रडायचं असतं, म्हणून बायांनी पदर डोळ्यांशी नेले. मीराबाई मात्र हसत हात हालवत होती.

"रड वं, मीरा," शकुबाई म्हणाली. "मोकळी होय."

"काऊन रडू, बाई? लग्न होऊन गेली असती त पाहुणी होऊन आली असती. हे त दिवाळीत आपल्या घरी येऊन राह्यली."

शकुबाईचा जन्म वडनेरचाच. लग्न झाल्यापासून ती तिथे पाहुणी म्हणूनच येत होती. तिला आता खरंच रडू आलं.