नाकोबाने धुतलेली शाल

आमच्या हॉटेलात कुत्रं चालतं. चालतं म्हणजे पलंगावर लोळलेलं चालतं, जेवणघरात टेबलाखाली बसलेलं चालतं, बुरुजावर चढून खालच्या शेतांपर्यंत ऐकू जाईल असं भुंकलेलंही चालतं. हॉटेल म्हणजे खरं तर जुना किल्ला. जाड दगडी भिंती, गोल फिरत जाणारे जिने आणि बाहेर नजर पोचेल तिथवर शेतं नि झाडी. शहरातले लोक शुक्रवारी येतात, दोन रात्री राहतात आणि रविवारी जेवून निघतात. फोन आला की माणसं किती हे आम्ही नंतर विचारतो, कुत्रं केवढं हे आधी.

खोल्या माझ्या ताब्यात. लोकांना वाटतं, काय मजा असेल, कुत्र्यांमध्ये राहायचं! मजा गेली खड्ड्यात. कुत्रं अंग झटकतं, गालिच्यावर उलटी करतं, पडद्याला पाय वर करतं, आणि रविवारी चारला त्याच खोलीत असा पाहुणा येतो ज्याने जन्मात कुत्रं पाळलेलं नसतं. दार उघडल्याबरोबर त्याने नाक मुरडलं की झाडाझडती माझी. पण माझ्या इतक्या वर्षांत ती झाली नाही, आणि त्याचं श्रेय मला नाही. ते नाकोबाला.

नाकोबा आमचा धुलाईवाला. खरं नाव पगारपत्रकात असेल, आम्ही कोणी वापरत नाही. किल्ल्यात पूर्वी जिथे घोडे बांधायचे तिथे त्याची धुलाईची खोली. दोन मोठी यंत्रं, एक दगडी हौद, मागच्या तटाला लागून वाळवणाच्या दोऱ्या. माणूस बुटका, हात कोपरापर्यंत कायम लाल, आणि बोलणं असं की समोरच्याच्या नाकाला मिरची झोंबावी. आलेला प्रत्येक कपडा तो आधी हुंगतो. धुऊन झाल्यावर हुंगतो. वाळल्यावर परत हुंगतो. तेवढ्यात जराशी जरी शंका आली तरी म्हणतो, "दुसरं पाणी." म्हणजे सगळं पहिल्यापासून, पुन्हा एकदा. थंड पाणी, व्हिनेगर, अर्धा तास मुरवणं, मग साबण, मग ऊन. मी कितीही डोकं आपटलं की भाऊ, पाहुणे दारात उभे आहेत, तरी फरक नाही.

"चादर हवी की स्वच्छ चादर हवी?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

इथे यायच्या आधी तो एकोणीस वर्षं दवाखान्यातल्या चादरी धूत होता. तिथे बाकीचे तोंडाला फडकं बांधायचे, हा उघड्या नाकाने कामाला. कुठल्या चादरीवर कोण झोपलं होतं, त्याला काय झालं होतं, हे त्याला हौदापाशी कळायचं. पण त्याने ते कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. "माझं काम वास काढायचं. सांगायचं काम डॉक्टरांचं," म्हणायचा. घरी मात्र तोंड बंद नसायचं, आणि बायको त्याच्या या नाकाला वैतागलेली. पोरगी शाळेतून आली की हा दारातच सांगणार, आज हिने डबा खाल्ला नाही, मांजरीला घातला. पोरगी मोठी होऊन परगावी नोकरीला गेली तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "बाबा, आता मी सुखाने मांजरी पाळेन."

तर मुद्द्याचं. ज्या शनिवारची गोष्ट सांगतेय त्या शनिवारी घोळ माझ्या हातून झाला. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मला कोणी शहाणपण शिकवायला नको.

चार नंबरच्या खोलीत एक आजोबा उतरले होते. उंच, बारीक, इस्त्रीचा शर्ट, आणि बरोबर तपकिरी रंगाचं म्हातारं कुत्रं. डोळ्यांत मोतीबिंदू झालेलं, कान जमिनीला टेकतील इतके लांब. दोघे सकाळी तटावरून फेरी मारायला गेले आणि मी खोली आवरायला घेतली. आमच्याकडे नियम साधा आहे. कुत्र्यासाठी हॉटेलचं राखाडी लोकरीचं पांघरूण असतं, त्याच्या काठाला लाल पट्टी शिवलेली. लाल पट्टी दिसली की धुलाईच्या पिशवीत टाकायचं. पाहुण्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. त्या दिवशी माझ्या दोन मुली आलेल्या नव्हत्या आणि अकरा खोल्या एकटीच्या उरावर. कोपऱ्यात चार घड्या घातलेलं राखाडी लोकरीचं काहीतरी होतं, वर कुत्र्याचे केस. काठ आत दुमडलेले. मी पट्टी बघितली नाही. उचललं आणि टाकलं पिशवीत.

पट्टी नाही हे नाकोबाच्या लगेच लक्षात आलं. नियमाप्रमाणे त्याने ती वस्तू वर परत पाठवायला हवी होती. पण त्याने ती हुंगली, आणि तिथेच तो अडकला. पाहुणे कधीकधी स्वतःचंही धुवायला देतात, तसंच असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं. त्या शालीत कुत्र्याच्या वासाखाली आणखी काहीतरी होतं आणि ते पहिल्या पाण्याला दाद देईना. झालं! साहेबांना चेव आला. कोमट पाणी, हाताने दाबून दाबून, दुसऱ्यांदा.

दुपारी आजोबा खाली काउंटरपाशी आले. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "खोलीतली शाल कुणी उचलली का?"

मी धावत मागे गेले. शाल दोरीवर होती, उन्हात वाळून हलकी झालेली. नाकोबा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभा, पोराचा निकाल लागल्यासारखा.

"ताई, हुंगून बघा. काही सापडलं तर आजच्या आज नोकरी सोडतो."

मी शाल ओढून घेतली आणि वर गेले.

आजोबांनी ती लगेच हातात घेतली नाही. आधी बघितली. मग म्हणाले, "धुतली?" मी मान हलवली. ते खुर्चीत बसले आणि कुणाला पत्ता सांगावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी मोठं आजारपण आलं, त्यात त्यांचं नाक गेलं. तेव्हापासून कसलाच वास येत नाही, फुलाचा नाही, जळलेल्या दुधाचाही नाही. बायको जाऊन पाच महिने झाले. शाल तिची. एरवी पिशवीत घट्ट बांधून ठेवतात, रोज संध्याकाळी काढून कुत्र्यापुढे धरतात. कुत्रं तिच्यात तोंड खुपसतं आणि शेपटी हलवतं.

"मग मला कळतं, अजून आहे," ते म्हणाले. "आज नवी जागा म्हणून ते कावरंबावरं झालं होतं. म्हणून सकाळीच काढून ठेवली. पिशवीत घालायला विसरलो. चूक माझीच."

चूक माझीच, म्हणे. त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

मॅनेजर मॅडमना सांगितलं. त्यांनी आधी फळांची परडी पाठवायला सांगितली, मग नाकोबाला बोलावलं. "तुम्ही वर जा. त्यांना सांगा की लोकरीत वास मुरलेला असतो, एका धुण्याने जात नाही. तुमच्या तोंडून आलं तर पटेल."

"मॅडम, मी दोनदा धुतलीय."

"तेवढं सांगू नका."

नाकोबाने बाह्या खाली केल्या, गुंड्या लावल्या. जिना चढायला लागला. मीही बरोबर गेले, कारण पिशवीत टाकणारी मी.

आजोबा तसेच बसलेले होते, शाल मांडीवर. परडीला हात लावलेला नव्हता. कुत्रं खिडकीखाली झोपलं होतं.

"अजून याच्यापुढे धरली नाही," ते म्हणाले. "धीर होत नाही. तुम्हीच धुतलीत ना? मग तुम्हीच सांगा. काही राहिलं असेल का हो तिच्यात?"

"राहिलं असेल, साहेब," नाकोबा म्हणाला. "आज घाई होती. नुसती पाण्यातून काढली. साबणही नीट लावला नाही. वाईटच धुतली गेली."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस एका पायमोज्यावरून माझ्याशी तीन दिवस भांडलेला. स्वतःच्या धुण्याला वाईट म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, आणि तो ते पाठ केल्यासारखं म्हणत होता, नजर फरशीवर.

आजोबांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी कुत्र्याला उठवलं आणि शाल त्याच्यापुढे पसरली. कुत्र्याने नाक टेकवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, मध्ये थांबलं, परत मागे आलं. शेपटी हलली नाही. मग त्याने मान वर करून आजोबांकडे बघितलं, शालीवरून खाली उतरलं आणि जाऊन गार फरशीवर पडलं.

आजोबांनी शाल उचलून परत मांडीवर घेतली. शेवटी आजोबा म्हणाले, "चांगली धुतली आहे तुम्ही." टोमणा नव्हता. खरंच तसं म्हणत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नाकोबाची बाही ओढली, चला म्हणून. तो हलेना.

"साहेब, मला आला होता," तो म्हणाला. "धुण्याआधी. मला वास आला होता त्यांचा."

आजोबांनी मान वर केली. "कसा होता?"

नाकोबाने डोळे मिटले. एवढी वर्षं जे कधी बोलला नाही ते तो बोलायला लागला, शोधत शोधत, थांबत थांबत. एका काठाला केसांचं तेल. डोक्यावरून घेत असणार, तिथे दाट होतं. खांद्यापाशी पावडर, स्वस्तातली, गोडसर. खालच्या उजव्या टोकाला तळलेला कांदा.

"हात पुसायची!" आजोबा एकदम हसले. "त्याच टोकाला! लाख वेळा सांगितलं, अगं फडकं घे, फडकं घे. कधी ऐकलं नाही माझं." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "अजून? अजून काय होतं?"

"आणि बाम," नाकोबा म्हणाला. "पाठीवर यायची तिथे, कमरेच्या जरा वर. तो फार होता. जुन्यावर नवा, त्याच्यावर आणखी नवा, रोज लावल्यासारखा. पहिल्या पाण्यात बाकी सगळं गेलं, तो जाईना. त्याच्यासाठीच दुसरं पाणी घालावं लागलं."

आजोबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"बाम?" ते म्हणाले. "आमच्या घरात कुणी बाम लावत नव्हतं."

नाकोबाने डोळे उघडले.

"तिला पाठीचं दुखणं नव्हतं," आजोबा म्हणाले. "असतं तर मला बोलली असती." मग त्यांनी विचारलं, "किती दिवसांचा असेल तो वास?"

नाकोबा माझ्याकडे बघत होता.

"दिवसांचा नाही, साहेब," तो म्हणाला. "वर्षांचा होता."