गप्प राहायला शिकणारी बाई

सुरतेत लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, काम सुटल्यावर मी युनिव्हर्सिटीत चहा द्यायला लागलो. तिथं शिबिरात मास्तरांनाच शिकवायचं कसं, ते शिकवत. मला हसू यायचं. एवढी शिकलेली माणसं, त्यांना आणि काय शिकवायचं?

त्यात एक जळगावकडची बाई होती. नवीनच प्राध्यापक झालेली, बोटं कायम खडूनं पांढरी. एकदा चहा घेताना म्हणाली, "काका, उद्या सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचंय. माझी एक खोड आहे. प्रश्न विचारते आणि उत्तरही मीच देऊन टाकते. तुमच्यावर सराव करू?"

"करा. पण मी चौथी नापास."

"घरी कोण कोण असतं?" तिनं विचारलं आणि गप्प राहिली. मधे बोलायचं नाही, दहापर्यंत मोजायचं, म्हणून ओढणीआड एकेक बोट दुमडत होती.

"मुलगा आणि मी. बायको वारली," मी म्हणालो. ती गेल्यापासून लोक "कसं झालं?" विचारत आणि मी तोंड उघडायच्या आत "देवाची मर्जी" म्हणून मोकळे होत. ही हललीच नाही. मग मी सांगून टाकलं. बायको त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाली होती, तरी मी ड्युटीवर गेलो.

बाईनं डोळे पुसले. "काका, मी मोजायचंच विसरले."

"मग उद्या तुम्ही पास."

संध्याकाळी लिंबायतला घरी गेलो. त्याची आई गेल्यापासून मुलगा माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. जेवताना विचारलं, "तुझा माझ्यावर राग आहे ना?" आणि गप्प बसलो.

मांडीवर मीही एकेक बोट दुमडत राहिलो.

"होता," म्हणाला, आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.