आईनं काढलेला मोर्चा

मी आमदार असताना माझ्याविरुद्ध बरेच मोर्चे निघाले. त्यातला यशस्वी झालेला एकच, आणि तो माझ्या आईनं काढला होता.

आई म्हणजे सकूबाई. आमचं गाव नागभीडपासून बरंच आत, जंगलाला लागून. निवडून आल्यावर मी नागभीडात घर केलं, बायकोला तिथं आणलं, ओसरीत कार्यालय थाटलं. आई मात्र आली नाही. तुझ्या दारात दिवसभर माणसं बसून राह्यतात, माझ्या कोंबड्या कुठी फिरतीन, असं तिचं म्हणणं.

गावात एसटी येत नव्हती. मोठ्या रस्त्यावर फाट्याला उतरायचं आणि पुढं जंगलातून पायी जायचं. शाळेच्या पोरी संध्याकाळी त्याच वाटेनं परतायच्या, आणि वाघही त्याच वाटेनं जाय-ये करायचा. काही पोरींची शाळा घरच्यांनी बंदच करून टाकली होती. गाडी गावात आणतो, हे माझं निवडणुकीतलं आश्वासन होतं. मी पाठपुरावा केला, गाडी मंजूर झाली, फाट्यावर नारळ फोडला, फोटो काढला आणि पुढच्या कामांना लागलो. (आमदाराला पुढची कामं फार असतात. बहुतेक लग्नं.)

गाडीला पाटी आमच्या गावाची लागली, पण ड्रायव्हर ती फाट्यावरूनच परत फिरवायचा. आईनं फोनवर मला हे सांगितलं होतं. मी म्हणालो, बघतो. मी अभ्यासाला ‘बघतो’ म्हणायचो तेव्हापासून ती मला ओळखते. तिनं फोन ठेवला.

पुढं नागपूरला अधिवेशन लागलं आणि मला बोलायला वेळ मिळाला. मी छाती काढून सांगितलं की माझ्या मतदारसंघात शेवटच्या गावापर्यंत एसटी पोचली, आमच्या पोरी आता वाघाच्या नाही, शाळेच्या वाटेनं जातात. बाकं वाजली. मी खूश होऊन खाली बसलो. हे सगळं आमच्या गावात कोणाच्या तरी मोबाइलवर लोक बघत होते, आणि त्या लोकांत आई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गावातल्या बाया आणि पोरी गोळा केल्या, फाट्यापर्यंत पायी आणल्या आणि त्याच एसटीत बसवून नागभीडला माझ्या घरासमोर आणल्या. माझं कार्यालय सांभाळणारे इरफानभाई यांचा फोन आला तेव्हा मी सभागृहाबाहेर दोन पत्रकारांना ग्रामीण वाहतुकीविषयी समजावून सांगत होतो.

इरफानभाई हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, मोर्चा आला आहे.”

मी म्हणालो, मग निवेदन घ्या, चहा द्या, पाठवा.

“मोर्चा अम्मीजींचा आहे.”

बाया ‘मुर्दाबाद’ म्हणत होत्या, तेव्हा आईनं त्यांना थांबवलं. पोटचं पोरगं आहे, तसं नाई म्हणायचं, असं ठरलं. मग ‘आमदार, घरी ये’ अशी घोषणा सुरू झाली. ती इतकी जोरात होती की मला नागपुरात ऐकू आली (फोन सुरू होता म्हणून).

थोड्या वेळानं ठाणेदारांचा फोन. त्यांची खरी अडचण झाली होती. मोर्च्याच्या नेत्या सांगतात की आमदाराला मी जन्म दिला, तर त्यांना हटकायचं कसं? शिवाय सगळे मोर्चेकरी माझ्याच अंगणात माझ्याच घरचं वरण-भात जेवत होते. “साहेब,” ते म्हणाले, “हे आंदोलन धरू की पंगत?”

मी बायकोला, शोभाला, फोन लावला. निदान घरातलं एक माणूस माझ्या बाजूनं असेल अशी आशा होती.

ती म्हणाली, “सून म्हणून मी वाढलं. आता जेवणं झाले, तं मी पण त्याइच्यातच बसून राह्यली.”

अधिवेशन सोडून मी निघालो. पोचलो तेव्हा आई अंगणात पाय पसरून बसली होती. मी खूप समजावलं: चौकशी लावतो, अधिकाऱ्यांची बैठक घेतो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मले बैठक नोको. तू आमच्यासंगं गाडीत बस.”

बसलो. अख्खा मोर्चा आणि मी, एकाच एसटीत. फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “गावात नेतो जी साहेब, पण वळवू कुठी? उलटी गाडी जंगलातून आणू काय?”

बोलणं बरोबर होतं. गाडी आत का नेत नाही, हा साधा प्रश्न इतके महिने त्याला कोणी विचारला नव्हता, म्हणजे मी विचारला नव्हता. गावाच्या तोंडाशी सपाट जागा एकच होती, एक धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. धान कापून झाला होता. कोणाची आहे, असं मी आमदारकीच्या आवाजात विचारलं. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

बांधी आमची होती. आमच्या वावरातली सगळ्यात चांगली.

मी लगेच म्हणालो की घाई नको, आधी सरकारी जागा बघू, मोजणी करू. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. ड्रायव्हरला म्हणाली, “वळव रे बाबा, आपलीच हाये.”

गाडी जंगलातून गावाशी आली, धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडून बांधीत उतरली, अर्धी वळली आणि मागची चाकं ओल्या मातीत रुतली. सगळे उतरले. पोरी ढकलायला लागल्या, मग मीही पांढऱ्या कुर्त्यानिशी मागून जोर लावला. चाक जोरात फिरलं, गाडी निघाली, आणि चिखल सगळा माझ्यावर आला. मोबाइल सगळ्यांकडं होते. माझ्या कारकिर्दीत इतका पसरलेला फोटो दुसरा नाही; विरोधकांनीसुद्धा पाठवला.

त्याच आठवड्यात बांधीत मुरूम पडला. गाडी गावात यायला लागली, घरी बसलेल्या पोरी पुन्हा शाळेत गेल्या. संध्याकाळी गाडीचा हॉर्न वाजला की आई दाराशी उभी राहून बघायची, सगळ्या उतरल्या का. मलाही ते बघायला आवडायचं, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो आणि गावी परत आलो. आता बरं चाललं आहे. मागच्या महिन्यात आजूबाजूच्या गावांतली मोठी मंडळी घरी आली, निवडणुकीचं बोलायचं आहे म्हणाली. मी आत जाऊन कुर्ता बदलला, केस विंचरले आणि विचार करायला वेळ द्या, हे वाक्य तयार करून बाहेर आलो. त्यांनी विचारलं, सकूबाई उभ्या राहतील काय?

आई नाही म्हणाली. मग मला म्हणाली, चहा ठेव. मी ठेवला. चहा उत्तम झाला, असं सगळ्यांनी सांगितलं. माझ्या राजकीय आयुष्यात एकमतानं मंजूर झालेली ती पहिलीच गोष्ट.