सखूच्या गाण्याची आण

जनकाबाईला ते गाणं एका आयरिश नर्सबाईकडून मिळालं. हिंगोलीत तेव्हा मिशनचा एक दवाखाना होता. तिथं तिची चार वर्षांची सखू तापानं तीन दिवस पडून होती. नर्सबाई खाटेशी बसून गायची. माझ्या देशातलं फार जुनं गाणं आहे, देवाला म्हटलंय, असं तिनं मोडक्या मराठीत सांगितलं. देवाचं जनकाबाईनं मनावर घेतलं नाही. सूर ऐकून सखू एकदा हसली होती, तेवढं घेतलं.

चौथ्या दिवशी पोर गेली. फोटो नव्हता. आपल्या गावी, गोरेगावला परतल्यावर जनकाबाई जात्यावर ते गाणं म्हणायची, न कळणाऱ्या शब्दांसकट, आणि सखूचं तोंड दिसायचं. पुढं वस्तीसोबत बौद्ध धर्म घेतला, घरातले देव नदीत सोडले. गाणं राहिलं.

१९७४ साली धाकट्या लेकाचं, किशनचं नाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार म्हणून निघालं. यादीत त्याच्या खाली भावकीतल्या नामाजीचा पोरगा होता. नामाजीनं अर्ज दिला : ही बाई ख्रिस्ती झाली, त्यांचं गाणं गाते, मग पोराला बौद्धांची सवलत कशी? तलाठी तातेराव चौकशीला आले. विहारापुढं माणसं जमली.

"ते गाणं येतं का, बाई?"

"न्हाई."

नामाजी हसला. "मंग जात्यावर काय म्हणता, वहिनी?"

"ओव्या."

"घ्या मंग लेकराची आण."

"सखूची आण."

"मेलेलीची आण घेऊन काय होतं? तिला काय दुसऱ्यांदा ताप येऊन राहिला?" दोघं-तिघं हसले. "किशनच्या डोक्यावर हात ठेवा."

देव सुटले होते, पण खोट्या आणेनं लेकरू मरतं हे जनकाबाईच्या हाडात होतं. तिचा हात उचलेना. किशननं तो मनगटाला धरून आपल्या डोक्यावर ठेवला.

"म्हण ना, माय. काहून भेऊन राहिली?"

"ते गाणं मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. तातेरावांनी लिहून घेतलं.

किशनला नोकरी लागली. तो खोकला तरी जनकाबाईला ती आण आठवायची. घेतलेली आण मागं घेता येत नाही; खरी मात्र करता येते. गाणं खरंच ठाऊक नसलं तर पोर वाचेल. तिनं जातं सोडलं, दळण गिरणीत धाडलं. ओळ आठवली की ती जीभ चावायची, रक्त येईस्तोवर. आधी शब्द गेले. मग चाल. चालीमागून सखूचं कपाळ, नाक, शेवटी ते हसू.

चार वर्षांनी एका सुटीच्या सकाळी किशन अंगणात दाढी करताना गुणगुणत होता. लहानपणी जात्याशेजारी झोपून ऐकलेलं. ध्यानात आलं तसा त्याचा वस्तरा थांबला.

जनकाबाई शेंगा निवडत होती. "चांगलं हाय," ती म्हणाली. "कोणाचं रे?"

"तुझंच, माय. सखूअक्काचं."

तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग उठली आणि आपणहून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ते गाणं मला ठाऊक न्हाई."

या खेपेला तिचं मनगट कोणी धरलं नव्हतं.